सही केली, पण वाचलं कुणी?

माझ्या आईने २०१४ ते २०१६ अशी दोन वर्षं आमच्या गावातल्या जिल्हा परिषद शाळेच्या कारभारावर देखरेख केली. ही गोष्ट तिला मागच्या जूनमध्ये कळली. मी सांगितली तेव्हा.

झालं असं, की इंटर्नशिप सुरू व्हायच्या आधी चार दिवस मी गावी गेले होते. करमाळा तालुक्यातलं आमचं छोटंसं गाव. दादाची मुलगी परी यंदा दुसरीत गेली. शाळा उघडून आठवडा झाला नव्हता तोच वहिनीला निरोप आला, 'शाळा व्यवस्थापन समितीची सभा आहे, ११ वाजता या.' वहिनी समितीची सदस्य आहे. कधी झाली, कशी झाली, हे तिलाही नीट सांगता येईना. त्या दिवशी ती उसाच्या खुरपणीला जाणार होती. म्हणजे सभेला जायचं तर रोज बुडणार. तरी ती साडी बदलून निघाली आणि मला म्हणाली, ''ताई, तुम्ही येता का संगं? तुम्हाला बोलता येतंय.''

बोलायची वेळ आलीच नाही. वर्गात सतरंजी अंथरलेली. आठ-नऊ बाया एका बाजूला, तीन बाप्ये दुसऱ्या बाजूला. सरांनी चार-पाच विषय वाचून दाखवले, ''कुणाची काही अडचण?'' असं विचारलं. कुणी काही बोललं नाही. मग रजिस्टर फिरलं. पंधरा मिनिटांत सभा संपली. वहिनीनेही पदर सावरत सही केली. सहीच्या वर काय लिहिलंय हे तिने पाहिलं नाही, कारण पाहायला तिथे काही नव्हतंच. पान कोरं होतं. इतिवृत्त नंतर लिहायचं होतं.

पत्रकारिता शिकणाऱ्या माणसाला रजिस्टर दिसलं की हात शिवशिवतात. मी विचारलं, ''सर, जुनी इतिवृत्तं आहेत का? बघू का?'' सर तीन वर्षांपूर्वी बदलून आलेत, स्वभावाने मोकळे. त्यांनी कपाटच उघडून दिलं. धूळ झटकत मी माझ्या शाळेच्या वर्षांपर्यंत मागे गेले, आणि एका पानावर तिसऱ्या क्रमांकाला आईची सही दिसली. चौथी शिकलेल्या माणसाची सही असते तशी, एकेक अक्षर सुटं, शेवटचं ओळीच्या खाली घसरलेलं.

त्या सहीच्या वरचा ठराव असा होता : मुलींच्या स्वच्छतागृहाची दुरुस्ती पूर्ण झाली असून ते नियमित वापरात आहे. समितीने पाहणी केली. सर्वानुमते मंजूर.

त्या वर्षी मी सहावीत होते. मुलींच्या स्वच्छतागृहाला कुलूप होतं. आत झाडू, फुटक्या बादल्या आणि मोडके बाक ठेवलेले. आम्ही मुली सकाळपासून पाणी कमी प्यायचो. मोठ्या सुट्टीत शाळेमागच्या बाभळींकडे जायचो, एक जण राखण करायची. सातवीत पाळी सुरू झाल्यावर दर महिन्याला तीन-चार दिवस मी घरीच असायचे. आईला वाटायचं, पोरीचं पोट दुखतंय. पोट दुखायचंच, पण घरी राहण्याचं कारण ते नव्हतं.

संध्याकाळी आईला मोबाइलमधला फोटो दाखवला. ती म्हणाली, ''सर म्हणायचे सही करा, करायची. आपल्याच लेकरांचं बरं होणार असंल असं वाटायचं.''

हा लेख मी आईची चूक सांगायला लिहीत नाहीये. तेव्हाच्या शिक्षकांना चोर ठरवायलाही नाही. तीस-चाळीस रकान्यांची माहिती वर पाठवायची, पोषण आहाराचा हिशोब ठेवायचा, निवडणुकीची कामं करायची आणि मधल्या वेळात शिकवायचं, असं आयुष्य असलेला माणूस सह्या गोळा करून मोकळा होतो. मला प्रश्न पडलाय तो वेगळाच. 'पालकांचा सहभाग' हे आपण इतक्यांदा ऐकतो, मग त्याचा अर्थ इतका स्वस्त कसा झाला?

कागदावर आई किती मोठी होती

शिक्षण हक्क कायदा २००९ साली झाला, १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. आपल्यापैकी बहुतेकांना तो २५ टक्के राखीव जागांमुळे माहीत असतो. त्याच कायद्यातलं २१वं कलम मात्र कुणी फारसं वाचत नाही. विनाअनुदानित खासगी शाळा सोडून बाकी प्रत्येक शाळेत व्यवस्थापन समिती हवी, तिच्यात किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक हवेत, निम्म्या महिला हव्यात, आणि दुर्बल घटकांतल्या मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा हव्यात, असं ते कलम सांगतं. महाराष्ट्रात या समितीचा अध्यक्ष पालकांमधूनच निवडला जातो. मुख्याध्यापक सचिव असतात.

थोडक्यात, कायद्याने सतरंजीवर बसलेल्या त्या बायांना पाहुणे म्हणून बोलावलेलं नाही. सभा त्यांची आहे.

आता कामं बघा. शाळेच्या कामकाजावर देखरेख करणं, अनुदान कुठे खर्च झालं ते पाहणं, आणि शाळा विकास आराखडा तयार करणं. या आराखड्यावर २२वं कलम आहे. त्यात म्हटलंय, की शाळेला मिळणाऱ्या अनुदानाचा आधार हाच आराखडा असेल. समग्र शिक्षा योजनेतून सरकारी शाळांना पटसंख्येनुसार वर्षाला १० हजारांपासून १ लाखापर्यंत शाळा अनुदान मिळतं आणि त्यातली किमान १० टक्के रक्कम स्वच्छतेवर खर्च करायची असते. मोठी रक्कम नाही ही. पण स्वच्छतागृहाच्या दाराला कडी बसवायला पुरते.

आणखी एक कलम मला फार आवडतं, २४वं. शिक्षकाने पालकांच्या नियमित सभा घ्यायच्या आणि मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता, झालेली प्रगती हे सगळं त्यांना सांगायचं, असं ते म्हणतं. म्हणजे 'माझी पोरगी शिकतेय का हो सर?' या प्रश्नाचं उत्तर देणं हा शिक्षकाचा चांगुलपणा नाही, ते त्याचं कायद्याने ठरलेलं काम आहे. आमच्या गावात हा प्रश्न विचारताना बाया आजही 'चुकलं तर माफ करा' अशा आवाजात विचारतात.

गप्प बसलं तरी नोंद होते

'चालायचंच, सगळीकडे असंच असतं,' असं कुणीही म्हणेल. मलाही आधी तसंच वाटलं. मग मी आमच्या शाळेचा पट पाहिला. १७.

या आकड्याचा अर्थ खेड्यातून आलेल्या मित्रमैत्रिणींना लगेच कळेल. डिसेंबर २०१७ मध्ये राज्य सरकारने दहापेक्षा कमी पट असलेल्या १,३१४ शाळा बंद करून मुलांना जवळच्या शाळेत पाठवायचं ठरवलं होतं. २०२३ मध्ये २० पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून 'समूह शाळा' करण्याचा विचार पुढे आला, तेव्हा राज्यात अशा शाळांची संख्या १४ हजारांच्या वर होती. दोन्ही वेळा आरडाओरडा झाला. तो व्हायलाच हवा होता. पहिली ते पाचवीच्या मुलाला १ किलोमीटरच्या आत शाळा मिळावी असं नियम सांगतो, आणि आमच्याकडे पावसाळ्यात ओढा आला की तेवढं अंतरही लहान मुलाला जड जातं.

पण जरा त्या अधिकाऱ्याच्या खुर्चीत बसून बघा. तो आमच्या शाळेचं इतिवृत्त मागवेल. त्याला काय दिसेल? दर सभेत 'अडचण नाही'. दर ठराव 'सर्वानुमते मंजूर'. पाणी आहे, स्वच्छतागृह आहे, शिक्षक पुरेसे आहेत, पालक समाधानी आहेत. मग पट का घसरतोय? याचं उत्तर त्या रजिस्टरमध्ये कुठेच नाही. गावात ते सगळ्यांना माहीत आहे. ज्यांना परवडतं ते तालुक्याच्या इंग्रजी शाळेच्या पिवळ्या गाडीत मुलं बसवतात, कारण इथे दोन शिक्षक मिळून पाच वर्ग सांभाळतात आणि त्यातला एक महिन्यातून कितीतरी दिवस तालुक्याला मीटिंगला असतो. हे चावडीवर बोललं जातं, पाणी भरताना बोललं जातं, लग्नात बोललं जातं. ज्या एका कागदावर बोललं तर वरपर्यंत जाईल, तिथे आपण सही करतो आणि गप्प बसतो.

हे गप्प बसणं फुकट जात नाही. संमती म्हणून ते नोंदवलं जातं. आईचं तसंच झालं. तिच्या मुलीला जे स्वच्छतागृह कधीच उघडं मिळालं नाही, ते वापरात असल्याची साक्ष सरकारी कागदावर तिचीच आहे.

पालक येत नाहीत, की येऊ शकत नाहीत?

'पालकांनाच पडलेली नाही' हे वाक्य मी शिक्षकांकडून, अधिकाऱ्यांकडून आणि खरं सांगायचं तर आमच्या वर्गातल्या डिबेटमध्येही ऐकलंय. मला ते पटत नाही. सकाळी अकराची सभा म्हणजे मजुरी करणाऱ्या बाईचा अख्खा रोज. बीड-अहिल्यानगरकडची ऊसतोड करणारी कुटुंबं दिवाळीच्या सुमाराला घर सोडतात ती उन्हाळा लागताना परत येतात. त्यांनी डिसेंबरच्या सभेला यायचं कसं? आणि आलंच, तर बोलायचं काय? जो माणूस स्वतः शाळेत मार खाऊन चौथीत शाळा सोडून गेलाय, त्याच्यासाठी तो वर्ग आजही धाक घालणारी जागा आहे. महिला सदस्य असेल तर अनेकदा नवराच येतो, बोलतोही तोच. तिच्या नावापुढे फक्त सही तिची.

सभा संध्याकाळी सातला घेऊन बघा. इतिवृत्त आधी लिहून, मोठ्याने वाचून मग सह्या घ्या. एवढं केलं तरी निम्मं चित्र बदलेल असं मला वाटतं. त्यासाठी नवा शासन निर्णयही नको.

'आम्ही अडाणी, आम्ही काय सांगणार' यालाही आता उत्तर आहे. २०२२ पासून राज्यात 'पहिले पाऊल' या शाळा पूर्वतयारी अभियानात गावोगाव माता पालकांचे गट केले गेले. पहिलीत जाणाऱ्या मुलाकडून आईने घरी छोट्या कृती करून घ्यायच्या. भाज्या वेगवेगळ्या करायच्या, वाट्या मोजायच्या, लहान-मोठं ओळखायचं. आईला वाचता येतं की नाही याचा त्यात अडसर नाही. वहिनी अशाच एका गटात होती. परीला दहापर्यंत मोजायला तिने भाकरी थापता थापता शिकवलं. ही बाई अडाणी कशी?

शहरातले पालक जास्त जागरूक?

हे वाचून पुण्या-मुंबईतल्या वाचकांना वाटेल, हा खेड्यातला विषय. थांबा. माझ्या रूममेटचा लहान भाऊ इथल्या एका इंग्रजी शाळेत आठवीत आहे. तिच्या आईचा फोन मी पाहिलाय. 'क्लास ८ बी पॅरेंट्स' या ग्रुपवर ॲन्युअल डेच्या पिवळ्या कुर्त्यावरून एका रात्रीत शंभरावर मेसेज. कुणाची वही पूर्ण झाली, युनिट टेस्टला काय येणार, कुणाला किती पडले, सगळ्याची चर्चा. मी काकूंना विचारलं, ''शाळेच्या पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीत कोण आहे?'' त्यांना माहीत नव्हतं. ग्रुपवर विचारलं, तर तिथेही कुणाला माहीत नव्हतं. एकाने मात्र थम्ब्स-अप टाकला.

खासगी शाळांची फी ठरवण्यासाठी महाराष्ट्राने २०११ साली कायदा केला. त्यानुसार प्रत्येक शाळेत पालक-शिक्षक संघ असतो आणि त्याच्या कार्यकारी समितीतले पालक चिठ्ठ्या टाकून निवडले जातात, म्हणजे शाळेच्या मर्जीतलेच लोक येऊ नयेत. फीवाढीचा प्रस्ताव शाळेने आधी या समितीपुढे ठेवायचा असतो. हे किती पालकांना ठाऊक आहे? फी वाढली की आपण गेटवर जमतो, चॅनेलवाल्यांना बोलावतो. ज्या सभेत ती वाढ मंजूर झाली तिथे आपल्याच वर्गाचा प्रतिनिधी होता का, त्याने काय म्हटलं, हे कुणी विचारत नाही.

तेव्हा फरक एवढाच, की गावातली आई शाळेत गेली तरी बोलत नाही आणि शहरातली आई चोवीस तास बोलते, पण फक्त स्वतःच्या मुलाच्या मार्कांबद्दल. शाळा कशी चालते याबद्दल दोघीही गप्पच.

लोकसहभाग म्हणजे वर्गणी नव्हे

दुसरी बाजूही मांडायला हवी. समितीत राजकारण शिरतं, हे खरं आहे. अध्यक्षपद म्हणजे सरपंचकीची पहिली पायरी समजणारे लोक आमच्याही भागात आहेत. काही ठिकाणी पालकांचा 'सहभाग' शिक्षकाला धमकावण्यापर्यंत जातो. शिक्षकांनी याबद्दल तक्रार केली तर ती ऐकायलाच हवी.

मला जास्त खटकते ती गोष्ट निराळी. 'लोकसहभाग' हा शब्द सरकारी भाषेत आला की पुढे बहुतेकदा पावतीपुस्तक येतं. रंग द्या, पंखा द्या, टीव्ही द्या, श्रमदान करा. गाव देतंही. शाळेसाठी हात आखडता घेणारं गाव मी पाहिलेलं नाही. पण भिंतीला रंग देणं ही गावाची हौस असू शकते, शिक्षक देणं ही सरकारची जबाबदारी आहे. वर्गणीत सहभाग आणि निर्णयात नाही, असा सौदा पालकांनी का मान्य करायचा?

दोन्ही जमलं की काय होतं, त्याचंही उदाहरण आपल्याकडे आहे. पुणे जिल्ह्यातल्या खेड तालुक्यातली जालिंदरनगरची जिल्हा परिषद शाळा २०२५ मध्ये 'वर्ल्ड्स बेस्ट स्कूल' स्पर्धेत लोकसहभागाच्या गटात जगातल्या पहिल्या दहा शाळांत आली आणि लोकांच्या मतांवर मिळणारा 'कम्युनिटी चॉइस' पुरस्कारही तिने मिळवला. पट घसरून बंद पडायच्या बेतात आलेली ही शाळा होती. मोठी मुलं लहानांना शिकवतात आणि गाव शाळेच्या पाठीशी उभं राहतं, ही तिची ओळख. मला त्या बातमीतला पुरस्कार कमी महत्त्वाचा वाटला. एक छोटी शाळा बंद होणं अटळ नसतं, हे त्यातून कळलं, ते जास्त मोलाचं.

यात आपलं काय?

तुम्ही म्हणाल, आम्ही ना शिक्षक ना पालक, आमचा इथे काय संबंध? सांगते.

आपल्यापैकी खूप जण आपापल्या घरात 'फॉर्म भरणारे' आहोत. पीकविम्याचा फॉर्म आपण भरतो, लाडकी बहीणची केवायसी आपण करतो, आजीचं आधार आपण अपडेट करून आणतो. घरात शासन निर्णयाची भाषा कळणारी पहिली पिढी आपली आहे. मग घरातलं धाकटं भावंड, भाचरू, चुलत भाऊ ज्या शाळेत जातं, तिथल्या सभेला आईसोबत एकदा जाऊन बसायला काय हरकत आहे?

जायच्या आधी तीन गोष्टी करता येतात. एक, प्रत्येक शाळेला ११ अंकी यू-डायस क्रमांक असतो, आपल्या राज्यातल्या शाळांचा २७ ने सुरू होतो. त्यावरून शाळेने स्वतःबद्दल काय माहिती भरलीय ती ऑनलाइन पाहता येते. शिक्षक किती, पट किती, पाणी, वीज, स्वच्छतागृह. मी आमच्या शाळेची पाहिली. 'मुलींचं स्वच्छतागृह : आहे.' खरंच आहे. आता कुलूपही नाही. फक्त नळाला पाणी येत नाही.

दोन, मुलाला वाचता येतं का ते स्वतः पाहा. 'असर'चे कार्यकर्ते, ज्यांत कॉलेजची मुलं-मुलीही असतात, २००५ पासून हेच करतात. शाळेत न जाता घरी जातात आणि मुलापुढे अक्षरं, शब्द, पहिलीच्या पातळीचा उतारा आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट ठेवतात. २०२४ च्या पाहणीत देशभरातल्या सरकारी शाळांतल्या तिसरीच्या मुलांपैकी २३.४ टक्के मुलांनाच दुसरीचा मजकूर वाचता आला. आधीच्या पाहणीपेक्षा हा आकडा बराच सुधारलाय, तरी चारांत तीन मुलं मागेच. मी परीला तिचं जुनं पुस्तक वाचायला दिलं. शब्द वाचले, जोडाक्षर आलं की थांबली आणि माझ्याकडे बघून हसली. पाच मिनिटांचं काम. पण सभेत विचारायचा प्रश्न हातात आला.

तीन, सही करण्याआधी वर काय लिहिलंय ते मोठ्याने वाचा. कोरं पान असेल तर 'लिहून झालं की करते' असं म्हणा. एवढंच. भांडायची गरज नाही, व्हिडिओ काढायची तर अजिबात नाही. आपण शिकलेले आहोत म्हणून सरांना जाब विचारायला जायचं नाहीये. आपल्या घरातल्या बाईची सही तिचीच राहावी, एवढ्यासाठी जायचंय.

जुलैच्या सभेला मी जाऊ शकले नाही, इथे डेस्कवर होते. आदल्या रात्री वहिनीला फोन केला आणि दोन वाक्यं तिच्याकडून घोकून घेतली. दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा फोन आला. सांगायला शब्द अपुरे पडावेत अशी धापा टाकत बोलत होती. तिने म्हटलं म्हणे, ''सर, वाचून दाखवा, मग करते.'' सगळे तिच्याकडे बघायला लागले. सर क्षणभर थांबले. मग म्हणाले, बरं, आधी लिहितो. सगळ्यांना पाऊण तास बसावं लागलं. एक जण कुरकुरला, की एवढा वेळ कुणाला आहे. पण त्या पाऊण तासात दुसरी एक बाई बोलली, की टाकीचा पाइप फुटलाय म्हणून नळाला पाणी येत नाही, आणि तो ठराव लिहिला गेला. वाचला गेला. मग सह्या झाल्या.

पाइप अजून बदललेला नाही. सरांनी तालुक्याला पत्र पाठवलंय, वहिनी दर आठवड्याला विचारते.

आईला मी हे सगळं सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ''माझ्या टायमाला कुणी वाचून दाखवलं असतं, तर मी सांगितलं असतं की गं, कुलूप हाय म्हणून.''